‘फोडा’ म्हणणारे बावड्याचे सर

कोल्हापुरात सॉफ्टवेअरचं काम करणारं कुणी ना कुणी मला अजून विचारतं, "तुम्ही बावड्याच्या सरांकडं शिकलाय म्हणे. कसे होते?" या प्रश्नाचं सरळ उत्तर मला कधीच देता आलेलं नाही. चांगले होते म्हणावं, तर त्यांनी मला जेवढा ताप दिला तेवढा सासरच्या कुणी दिला नाही. वाईट होते म्हणायला जीभ रेटत नाही. मग "होते आपले" असं काहीतरी पुटपुटून मी विषय बदलते. आता ते क्लास घेत नाहीत. कुरुंदवाडला बहिणीकडं राहतात आणि तिथं कुणाला छळत असतील ते त्यांचं त्यांना माहीत.

मी एका छोट्या कंपनीत प्रोग्रामर आहे. दवाखाने, शाळा, पतसंस्था यांच्या साइट आम्ही बांधतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मालकांच्या डोक्यात आलं की आपल्यातल्या एकानं सुरक्षेचं शिकून यावं. कंपनीत सगळ्यात जुनी मी, म्हणून मी. "कसबा बावड्यात एक सर आहेत. मुंबईत मोठ्या ठिकाणी होते. जरा तऱ्हेवाईक आहेत, पण तुम्ही घ्याल सांभाळून," मालक म्हणाले.

क्लास त्यांच्या भावाच्या पिठाच्या गिरणीच्या वर होता. रविवारी सकाळी नऊला. खाली गिरणी चालू झाली की वरची फरशी थरथरायची आणि पिठाचा बारीक थर कीबोर्डवर, वहीवर, केसांवर बसायचा. मी घरी पोचले की सासूबाई विचारायच्या, "शिकून आलीस का दळण घेऊन आलीस?" सर त्या आवाजात लहानाचे मोठे झालेले, त्यामुळं गिरणी बंद असली तरी ओरडूनच बोलायचे. साठीचा, किडकिडीत माणूस. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट, दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा. भिंतीवर एक फळा होता. त्यावर त्यांनी कधी एक अक्षर लिहिलेलं मी पाहिलं नाही.

पहिल्या दिवशी आम्ही पाच जण वह्या उघडून बसलो. सरांनी पाचही संगणकांवर एका दूध संस्थेची साइट उघडून ठेवली होती. संस्था खोटी, गाव खोटं, सगळं त्यांनी स्वतः बांधलेलं. पण काय हौसेनं बांधलेलं! चेअरमनचा फोटो, सभासदांची यादी, वार्षिक सभेची नोटीस, तक्रारपेटी. तक्रारपेटीत सभासदांच्या तक्रारीसुद्धा त्यांनीच लिहिलेल्या. माझ्या म्हशीच्या दुधाला फॅट कमी लावतात आणि सेक्रेटरीच्या म्हशीला जास्त, वगैरे.

"फोडा," सर म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. दहा मिनिटांनी मी विचारलं, "सर, शिकवायला सुरुवात कधी करणार?"

"झाली की. फोडा म्हटलं न्हवं?"

"पण कसं फोडायचं?"

"ते मला म्हाईत हाय. तुला म्हाईत न्हाय. म्हणून तर तू आलीस."

त्याआधी त्यांनी एकच गोष्ट केली होती. प्रत्येकाकडून कोऱ्या कागदावर लिहून घेतलं होतं की या खोलीत जे शिकेन ते बाहेरच्या कुठल्याही साइटवर, मालकाच्या परवानगीशिवाय, करून बघणार नाही. "दार उघडं दिसलं म्हणून आत जायाचं न्हाय. उघडं हाय म्हणून मालकाला हाळी मारायची," असं म्हणून त्यांनी ते कागद घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवले.

साइटमध्ये अशी उघडी दारं, म्हणजे सरांच्या भाषेत भोकं, किती आहेत ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी एकदा वैतागून विचारलं. "तू बांधल्यास त्या साइटना किती हाईत, तुला कुणी सांगितलंय काय?" ते म्हणाले. माझ्या साइटना भोकं नाहीत अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती. मी ती बोलूनही दाखवली. सर हसले नाहीत की रागावले नाहीत. चहा टाकायला उठले.

हा चहा हे एक वेगळंच प्रकरण होतं. तीन-तीन तास डोकं आपटून काहीतरी हाताला लागतंय असं वाटलं की नेमका सरांचा चहा व्हायचा, आणि चहा झाला की ते इंटरनेटचं बटण बंद करायचे. "सर, आत्ताच सापडत होतं!" "सापडत असंल तर चहा पिऊन बी सापडंल. चहानं जाणारं असंल तर ते सापडलंच न्हवतं." त्यांच्याशी वाद घालण्यात काही अर्थ नव्हता. तरी मी दर रविवारी घालायची.

प्रश्नाला उत्तर देणं त्यांना जणू वर्ज्य होतं. संगणकानं काही चूक दाखवली आणि आपण सरांकडं बघितलं की ते पडद्याकडं बोट करायचे. "वाच." मनात वाचलं की, "मोठ्यानं." मग मी, चाळिशीला आलेली, एका पोराची आई, गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून ती इंग्रजी ओळ बालवाडीतल्यासारखी म्हणायची. तीनदा म्हणायला लावायचे. तिसऱ्यांदा म्हणताना बहुतेक वेळा अर्थ लागायचा, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

वहीत तीन रकाने आखायचे: काय वाटलं, काय केलं, काय झालं. आमच्यातल्या एका हुशार गड्यानं मोबाइलवरच्या एआयला विचारून उत्तरं लिहून आणली. सरांनी पान वाचलं आणि विचारलं, "तुझं हे बरोबर हाय. पण तुला काय वाटलंतं ते कुठं हाय?" सरांनी पान अलगद फाडून त्याच्याच हातात दिलं. पुढच्या रविवारी तो आला नाही. नंतर आणखी एक गेला. आम्ही तिघं राहिलो.

मी का राहिले? पासवर्डच्या प्रसंगानंतर खरं तर मीच आधी जायला हवं होतं. एका रविवारी सर फारच गोड बोलले. घरी कोण कोण असतं, मुलाचं नाव काय, कुठल्या साली झाला, गाडी कुठली, पौर्णिमेला नृसिंहवाडीला जाता का. मला वाटलं, माणूस सुधारला. पाच मिनिटं मी मनमोकळं बोलले. मग त्यांनी कागदाच्या चिठोऱ्यावर काहीतरी खरडून घडी माझ्या हातात दिली. आत अंदाजानं लिहिलेले तीन शब्द होते. दुसरा शब्द म्हणजे माझ्या ईमेलचा पासवर्ड होता, मुलाच्या नावापुढच्या आकड्यांसकट.

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. "हे बरं न्हाय, सर. मी घरचं म्हणून सांगितलं तुम्हाला!"

"मी वापरला काय? कागदावर लिवला आणि तुझ्याच हातात दिला." मग नेहमीपेक्षा हळू आवाजात, म्हणजे इतर माणसं बोलतात तेवढ्या आवाजात, म्हणाले, "दुसऱ्यानं लिवला असता तर तुला दिला नसता, बाई."

त्या दिवशी घरी जाऊन मी सगळे पासवर्ड बदलले आणि सरांना शिव्या घातल्या. पण पुढच्या रविवारी गेले.

तक्रारपेटीचं भोक मला दुसऱ्या महिन्यात सापडलं. तक्रारीच्या रकान्यात तक्रार न लिहिता संगणकाच्या भाषेत एक आज्ञा लिहिली, आणि साइटनं ती मुकाट पाळली. सभासदांची सगळी यादी समोर. "लिवणाऱ्याला वाटतंय की माणूस नावाच्या जागी नावच लिवंल," सर म्हणाले. "माणूस नाव सोडून सगळं लिवतोय." शाबासकी म्हणून एवढंच.

पुढचं भोक सापडायला तीन रविवार गेले, आणि ते सगळ्यात साधं होतं. सभासद म्हणून आत गेलं की आपली दुधाची पावती दिसायची. वर पत्त्याच्या ओळीत पावतीचा नंबर. मी सहज शेवटचा आकडा एकानं वाढवला. दुसऱ्याच सभासदाची पावती उघडली. आणखी वाढवला, तिसऱ्याची. साइट विचारतच नव्हती की बाई, ही पावती तुझी आहे का. मी खुर्चीतून उठून ओरडले. सरांनी वही बघितली, तीन रकाने बघितले आणि म्हणाले, "आज घरला जा. डोकं तापलंय तुझं."

गिरणीच्या जिन्यावर, अर्ध्या पायऱ्या उतरल्यावर, माझे पाय थांबले.

शहरातल्या एका रक्त तपासणीच्या लॅबची साइट मी बांधली होती. रक्त देऊन आलं की मोबाइलवर एक लिंक येते, ती दाबली की रिपोर्ट दिसतो. लिंकच्या शेवटी रिपोर्टचा नंबर. तो रिपोर्ट बघणाऱ्याचाच आहे का, हे मी कुठं तपासलं होतं? आठवून आठवून बघितलं. कुठंच नाही.

ऑफिसात साइटची चाचणीसाठी ठेवलेली वेगळी प्रत होती. सोमवारी सकाळी तिच्यावर बघता आलं असतं. मला तेवढा दम निघाला नाही. घरी पोचले, जेवणाच्या टेबलाशी बसले. गुरुवारीच त्याच लॅबमध्ये सासऱ्यांची साखर तपासली होती, त्याची लिंक माझ्या मोबाइलवर होती. मी शेवटचा आकडा एकानं वाढवला.

रिपोर्ट उघडला. वर नाव होतं माझ्या धाकट्या जावेचं.

गुरुवारी सासऱ्यांना लॅबमध्ये तीच घेऊन गेली होती. त्यांच्या पाठोपाठ तिनं गुपचूप स्वतःचंही रक्त दिलं असणार, म्हणून पुढचा नंबर. घरात कुणाला याचा पत्ता नव्हता. त्या क्षणी ती माझ्यापासून आठ-दहा पावलांवर, स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. नाव दिसल्यावर मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही. शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

त्यात काय होतं ते मी इथं लिहिणार नाही. हे सगळं मी आधी जावेला वाचून दाखवलंय. तिनं जे खोडलं ते मी खोडलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या आधी मी बावड्याला गेले. सर गिरणीच्या पायरीवर पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं. मला वाटत होतं, साइटला भोक ठेवलं म्हणून ओरडतील. ते बाजूलाच राहिलं.

"एक आकडा बदललास, त्ये बी चूकच हाय. पण उघडल्यावर वाचलीस कशाला?"

"सर, नजर गेली..."

"शेवटच्या ओळीपर्यंत नजर जात न्हाय. वाचावं लागतंय."

मी म्हणाले, "घरातलाच होता सर. माझ्या जावेचा. बाहेरच्या कुणाचा नव्हता."

सरांनी पेपर घडी घालून बाजूला ठेवला. "मग तर जास्त वाईट. परक्याचा असता तर चार दिवसांत इसरली असतीस. तिच्याशेजारी रोज जेवाय बसणार हाईस तू."

मग त्यांनी बोटांवर मोजत कामं सांगितली. आज मालकाला सांगायचं. लॅबला कळवून साइट बंद करायची. मग भोक बुजवायचं. मग आजवर कुणी कुणाचा रिपोर्ट उघडला ते सर्व्हरच्या नोंदींतून शोधायचं, एकूण एक ओळ. आणि मग जावेला सांगायचं. "तवर हिकडं यायाचं न्हाय," ते म्हणाले. पहिल्या दिवशी लिहून घेतलेल्या कागदांतला माझा कागद त्यांनी वरून आणला आणि माझ्यासमोर फाडला.

मालक ऐकून आधी घाबरले, मग चिडले. "गुपचूप दुरुस्त करा. लॅबला कशाला सांगायचं? गेलं की काम हातातलं."

"लोकांचे रिपोर्ट आहेत, साहेब."

"कुणाला कळलंय?"

"मला कळलंय. मी एक उघडून वाचलाय." मी लॅबचा नंबर काढून मोबाइल त्यांच्यासमोर ठेवला. "तुम्ही फोन केला नाही तर मला करावा लागेल."

मालकांनी फोन उचलला. लॅबच्या डॉक्टरीणबाई शांतपणे बोलल्या. साइट लगेच बंद करा म्हणाल्या, लोक आठवडाभर कागद न्यायला येतील. आणि एकच प्रश्न विचारला, "आणखी कुणी बघितलंय का?" ते नोंदी तपासल्याशिवाय सांगता येणार नव्हतं.

भोक अर्ध्या दिवसात बुजलं. नोंदींना मात्र चार दिवस लागले, कारण दुसऱ्या दिवशी सर स्वतः आमच्या ऑफिसात टपकले. हातात डबा आणि लाकडी पट्टी. कुणी बोलावलं नव्हतं. मालकांना बरंच वाटलं. सर म्हणाले, "आधी परवानगीचं पत्र द्या. तुमचं एक, लॅबचं एक." पत्र दिलं तर तारीख नाही म्हणून परत. तारीख घातली तर शिक्का नाही म्हणून परत. सकाळ त्यातच गेली. मी दात ओठ खात बसले होते.

मग सुरू झालं. सर पट्टी पडद्यावर धरायचे, एक ओळ वाचायचे, कुठून उघडलं, कधी, कुठला नंबर, आणि मी तो नंबर खरोखर त्या माणसालाच पाठवला होता का ते ताडून खूण करायची. मी म्हणाले, हे काम दहा ओळींच्या प्रोग्रामनं होतं. "कर की," ते म्हणाले. मी केलं. तासाभरात उत्तर आलं. सर म्हणाले, "आता हातानं तपासू. प्रोग्राम तूच लिवलाईस. आणि साइट बी तूच लिवलीतीस." एकदा मधे कुणीतरी चहा विचारायला आलं, आमची ओळ चुकली, तर सरांनी ते पान पहिल्यापासून घ्यायला लावलं. मालक दाराशी येऊन बघून जायचे.

चौथ्या दिवशी, शेवटाकडं, पट्टी एका ओळीवर थांबली. रविवार, दुपारी दीड.

"हे कोण?" सर म्हणाले. त्यांना माहीत होतं.

"मी."

"लिव्ह."

लॅबला द्यायच्या कागदावर मी माझ्या हातानं लिहिलं की हा एक रिपोर्ट मी स्वतः, परवानगी नसताना, उघडून वाचला. बाकी सगळ्या नोंदी ज्यांच्या त्यांच्याच होत्या. डॉक्टरीणबाईंनी तो कागद वाचला आणि फायलीत ठेवला. काम गेलं नाही. पण लॅबची साइट मालकांनी माझ्याकडून काढून घेतली आणि महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले.

राहिलं होतं फक्त जावेला सांगणं. मालक, डॉक्टरीणबाई, सगळ्यांना सांगितलं, पण हिच्यासमोर तोंड उघडेना. ती मला अक्का म्हणते. माझ्या पोराला तिनंच पाळण्यापासून सांभाळलंय. मी रविवारी बावड्याला जायची. वाटायचं, एवढं सगळं केलंय, आता तरी आत घेतील.

"सांगितलंस?" सर जिन्याच्या वरून ओरडायचे.

"न्हाय अजून. जरा वेळ बघून..."

"मग जा."

असे पाच रविवार गेले. पाच वेळा मी गाडी काढून बावड्याला जाऊन जिन्याखालून परत आले. गिरणीत दळणाला आलेल्या बायका माझ्याकडं बघून हसायच्या. सरांचा भाऊ म्हणायचा, "पावणं, एवढं आलाय तर दळण तरी आणत जावा!" सरांच्या नावानं मी रस्ताभर बोटं मोडायची. कुठला माणूस हा! मी काय शाळेतली पोर आहे काय? पण रात्री जेवताना ती माझ्या ताटात भाजी वाढायची आणि मला वर बघता यायचं नाही.

सहाव्या शनिवारी संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना मी तिला सांगितलं. काही लपवलं नाही. शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, तेही.

तिच्या हातात माझ्या पोराचा शर्ट होता. त्याची तिनं घडी घातली. पुन्हा उलगडला.

"सगळं वाचलासा?"

"व्हय."

"अजून कुणी बघितलंय?"

"न्हाय. एकेक ओळ हातानं तपासलीय. माझ्याशिवाय कुणी न्हाय."

"भावजींना सांगितलासा?" म्हणजे माझ्या नवऱ्याला.

"तुझ्या भावजींना न्हाय, कुणालाच न्हाय."

ती कपड्यांची बादली घेऊन खाली गेली. त्यानंतर अकरा दिवस ती माझ्याशी कामाखेरीज बोलली नाही. मीठ द्या, दूध उतू चाललंय, एवढंच. मी सरांकडंही गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार? सांगून टाकल्यावर मोकळं वाटतं असं कोण म्हणतं, त्याला माझ्या घरी त्या अकरा दिवसांत आणून बसवायला हवं होतं.

बाराव्या दिवशी मी ऑफिसला निघाले होते. ती पाठोपाठ दारापर्यंत आली. आत सासूबाईंचा टीव्ही चालू होता.

"उद्या अकराला मला डॉक्टरांनी बोलवलंय," ती हळूच म्हणाली. "घरात सांगितलं न्हाय. एकटीनं जायाचा कंटाळा आलाय. तुम्हाला तर म्हाईतच हाय. येता काय, अक्का?"

मी रजा टाकली. त्यानंतर आणखी चार वेळा आम्ही दोघी गेलो.

मग एका रविवारी मी बावड्याला गेले. सर जिन्यावर उभे होते.

"सांगितलंस?"

"व्हय."

"बस आत."

माझा संगणक पुसून, चालू करून ठेवलेला होता. मी बसले नाही. मला त्यांना सगळं सांगायचं होतं. गच्चीवर काय झालं, ते अकरा दिवस कसे गेले, दवाखान्याच्या बाकड्यावर बसल्यावर तिनं माझा हात धरून काय म्हटलं. त्या वाक्यासाठी तर मी धावत आले होते.

"सर, काल ती मला म्हणाली..."

सरांनी हात वर केला. "ते तुमचं दोघींचं. मला नगं."

"अहो, ऐका तरी! तुमच्यामुळंच तर..."

"नगं म्हटलं न्हवं!" ते ओरडले, खाली गिरणी बंद असताना. आणि पाठ फिरवून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

एवढे रविवार जिन्याखाली उभं करून ठेवलेल्या बाईचं एक वाक्य ऐकून घ्यायला या माणसाचं काय जात होतं? मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. मी तशीच खुर्ची ओढून बसले. ते वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. पुढं मी ते कुणालाच सांगितलं नाही.